लेकीच्या पुस्तकातलं ‘न्यू राइट’ आणि आमचं दोघींचं घर

कार्डिफची_आई: लेक ए-लेव्हलला (म्हणजे इथल्या बारावीला) समाजशास्त्र शिकतेय. काल नाइट ड्यूटीवरून आले तर टेबलावर पुस्तक उघडं, ‘न्यू राइट आणि एकल पालक’. न्यू राइट म्हणजे सरकारी मदत कमी हवी, आई-बाप-मुलं असं पारंपरिक कुटुंबच हवं म्हणणारे उजवे विचारवंत. म्हणाली, “आई, यात आपण प्रॉब्लेम आहोत.” ती पाच वर्षांची होती तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. त्यात सेंट मेलन्सचाही उल्लेख, म्हणजे इथलीच वस्ती. 1993 मध्ये वेल्सचे मंत्री जॉन रेडवुड तिथं जाऊन आले आणि एकट्या आयांवर भाषण ठोकलं. या मंडळींना शिव्या मला घालता येतात हो, पण पोरीला मार्क हवेत. त्यांचं म्हणणं नेमकं काय?

निवृत्त_मास्तर: अमेरिकेतले अभ्यासक चार्ल्स मरे यांच्यापासून धरा. 1984 साली त्यांनी हॅरल्ड आणि फिलिस हे काल्पनिक जोडपं उभं केलं. गरीब, बिनलग्नाचं, ती गरोदर. 1960 च्या नियमांत त्यानं मिळेल ती नोकरी धरून लग्न करणं परवडायचं. 1970 च्या नियमांत लग्न न केलेलंच बरं, कारण सरकारी मदत चालू राहते. थोडक्यात, माणसं तीच, हिशेब बदलला. इंग्लंडात डेनिस आणि एर्डोस (1992) या अभ्यासकांचा रोख मात्र जबाबदारी झटकणाऱ्या बापांवर. आणि डेनिस स्वतःला समाजवादी म्हणवत, तेव्हा सगळ्यांना एकाच पिशवीत घालू नका.

सदाशिवपेठी: रागावू नका ताई, पण पोराला बापाचा धाक लागतोच. आमच्या वेळी हे प्रकार नव्हते.

कार्डिफची_आई: काका, धाक होता तेव्हा ती रोज अंथरूण ओलं करायची. वेगळ्या झालो, दोन महिन्यांत थांबलं.

निवृत्त_मास्तर: टीकाकारांचा प्रश्न हाच: परिणाम बाप नसल्याचा, की आधीच्या भांडणांचा आणि गरिबीचा? अमेरिकेत मॅक्लानहन-सँडेफर (1994) या समाजशास्त्रज्ञांना एकाच पालकाकडे वाढलेल्या मुलांची शाळा सुटण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट दिसलं, पण फरकातला साधारण निम्मा वाटा कमी उत्पन्नाचा. उरलेला निम्मा लपवू नका म्हणावं. परीक्षक तेच शोधतो.

कार्डिफची_आई: वाचून दाखवलं. ती विचारतेय, “फिलिसला हॅरल्डशी लग्न करायचं होतं का, हे कुणी विचारलं?” उत्तरात लिहू दे का, मास्तर?

निवृत्त_मास्तर: लिहू दे. आधी मरेचं म्हणणं नीट मांडून.