पोको एफ१ला नवा रॉम टाकताना कर्नलही बदलावा का?

भुईकोट

घरातला पोको एफ१ आता चुलतभावाकडे जातोय. फोन ऑगस्ट २०१८चा, स्नॅपड्रॅगन ८४५. अँड्रॉइड ८.१ घेऊन आला, कंपनीने १०पर्यंत नेला आणि सोडून दिला. यंत्र अजून ठणठणीत आहे, त्यामुळे रॉम, म्हणजे फोनची सगळी सिस्टिम, बदलायचा हे नक्की. पण चुलतभावाच्या मित्रांनी त्याला यादी दिलीय: हा रॉम, त्यावर तो गेमिंग कर्नल (कर्नल म्हणजे हार्डवेअर चालवणारा सिस्टिमचा गाभा), त्यावर अमुक मॉड्यूल (वरून जोडायचा तुकडा). त्यावरून घरात वाद झाला, म्हणून इथे मांडतो.

माझं मत सरळ आहे. रॉम असा घ्या ज्याची कुणीतरी आजही नियमित देखभाल करतंय. त्या रॉमसोबत जो कर्नल येतो तोच राहू द्या. वेगळा कर्नल टाकू नका.

रॉम निवडताना लोक आधी स्क्रीनशॉट बघतात. आयकॉन कसे, लॉकस्क्रीनवर घड्याळ कुठे, ॲनिमेशन किती. मी आधी तारीख बघतो. शेवटची बिल्ड (तयार आवृत्ती) कधीची, सुरक्षा पॅच कोणत्या महिन्याचा, कर्नलचा सोर्स (मूळ कोड) उघडा आहे का. सायनोजेनमॉड हा रॉम डिसेंबर २०१६मध्ये बंद पडला, तरी आजचा लिनेज रॉम त्याच्यातूनच उभा राहिला, कारण काम एका माणसाच्या लॅपटॉपवर अडकलेलं नव्हतं. एकट्या विद्यार्थ्याने परीक्षा संपल्यावर बनवलेला रॉम कितीही देखणा असो, त्याला नोकरी लागली की तुमचे पॅच संपले.

दोन गोष्टी मात्र प्रत्येकाने तपासाव्यात. बिल्ड माहितीत 'टेस्ट-कीज' (सही करायच्या चाचणीच्या चाव्या) दिसत असेल तर तो रॉम रोजच्या वापराला घेऊ नका. त्या चाव्या अँड्रॉइडच्या सोर्समध्ये जगजाहीर आहेत. त्याच चावीने सही केलेलं कुठलंही ॲप सिस्टिमचा भाग असल्यासारखं वागू शकतं. दुसरं, फोन कॉम्प्युटरला जोडून एडीबी शेलमध्ये (फोनला आज्ञा द्यायची खिडकी) 'गेटएनफोर्स' लिहा. उत्तर 'एन्फोर्सिंग' आलं पाहिजे. 'पर्मिसिव्ह' आलं तर एसई-लिनक्स (ॲपना हद्दीत ठेवणारा पहारा) फक्त नोंद ठेवतंय, अडवत कुणालाच नाही. कॅमेरा चालत नाही, फिंगरप्रिंट चालत नाही म्हणून बिल्ड करणारा हा पहारा सैल करतो आणि खाली वाहवा मिळवतो.

कंबर तलाव

भाऊ, रॉमबद्दल मान्य. कर्नलबद्दल अजिबात नाही.

रॉम म्हणजे वरचं घर. फोन तापतो का, बॅटरी किती टिकते, स्क्रीनला हात लावल्यावर तो किती पटकन हलतो, हे सगळं कर्नल ठरवतो. या फोनचा कर्नल ४.९ शाखेचा. ती शाखा मूळ लिनक्सवाल्यांनी जानेवारी २०२३मध्ये बंद केली. कंपनीने दिलेला सोर्स तर त्याच्याही मागे गोठलेला. चांगला कर्नल बनवणारा माणूस नंतरच्या दुरुस्त्या हाताने उचलून आणतो, शेड्यूलर (प्रोसेसरचं काम वाटणारा भाग) सुधारतो, झेड-रॅम (दाबून ठेवलेली मेमरी) नीट बसवतो. ही मेहनत तुम्ही 'टाकू नका' एवढ्या दोन शब्दांत मोडीत काढताय.

आणि आपल्या गावात याची गरज पुण्यापेक्षा जास्त. मे महिन्यात पारा ४३-४४वर असतो. डिलिव्हरीची पोरं हँडलला फोन लावून होटगी रोड ते जुळे सोलापूर दिवसभर फिरतात. ऊन वरून, मॅप चालू, डेटा चालू, ब्राइटनेस फुल. फोन तापून स्क्रीन मंद होते आणि ऐन चौकात रस्ता दिसत नाही. मी अशा फोनला २.८ गिगाहर्ट्झची कमाल गती २.२वर आणलेला कर्नल टाकून देतो. मॅपला तेवढी गती पुरून उरते, आणि फोन दुपारीही हातात धरवतो.

भुईकोट

उन्हाचा मुद्दा एकदम रास्त. पण गती कमी करायला वेगळा कर्नल कशाला? कमाल गतीची सोय लिनेजच्या कर्नलमध्येही आहे. रूट (सिस्टिमवर पूर्ण ताबा) असेल तर एक आकडा बदलला की झालं, आणि रीस्टार्ट केल्यावर पूर्ववत.

उलट तुम्ही सांगताय त्याच उन्हामुळे मी 'गेमिंग' कर्नलला घाबरतो. त्यातले कित्येक जण तापमानाची मर्यादाच वर ढकलतात किंवा काढून टाकतात. बेंचमार्कचा आकडा वाढतो, पोरगं खूश. डिसेंबरात काही होत नाही. मे महिन्यात तोच फोन खिशात तापतो आणि बॅटरी फुगते. लिथियम बॅटरीला उष्णतेइतकं वाईट काही नाही, त्यात चार्जिंग चालू असेल तर आणखीच.

सोर्सचंही तेच. लिनेजमध्ये शाओमीच्या मी ८, मी मिक्स २एस, मिक्स ३ आणि पोको एफ१ यांचा कर्नल एकत्र सांभाळला जातो. चार मॉडेलचे लोक एकाच कोडकडे बघत असतात. तुमच्या एकट्या माणसाच्या कर्नलकडे कोण बघतंय?

कंबर तलाव

रूट केलं की बँकेचं ॲप बसतं रुसून. कर्नलमध्येच मर्यादा घालून दिली तर रूट लागत नाही. म्हणून तर वेगळा कर्नल. हा फरक तुम्ही गाळलात.

मर्यादा काढणारे कर्नल वाईट, याबद्दल आपलं एकमत. पण चार जण बेफाम बनवतात म्हणून सगळ्यांना त्याच तागडीत घालू नका. कर्नल जीपीएल परवान्याखाली येतो, वाटणाऱ्याने सोर्स द्यायलाच हवा. सोर्स द्या म्हणा. देत नसेल तर टाकू नका. देत असेल तर बदल वाचा, एकेक ओळ समोर असते.

सात रस्ता

मी बँकेत काम करते, म्हणून वेगळ्या बाजूने लिहिते. तुम्ही दोघं रॉम की कर्नल यावर भांडताय. ज्या फोनवर यूपीआय आहे त्याचा बूटलोडर (फोन सुरू करणारं कुलूपबंद सॉफ्टवेअर) उघडावाच का, हा प्रश्न आधी यायला हवा.

बूटलोडर उघडला की फोन सुरू होताना सिस्टिम अस्सल आहे की नाही याची पक्की पडताळणी उरत नाही. म्हणून तर सुरुवातीला तो इशारा येतो. फोन एसटी स्टँडवर हरवला तर पिन असेपर्यंत आतला डेटा कूटबद्ध राहतो, हे खरं. पण कुणी त्यात काही बदलून फोन परत आणून दिला तर तुम्हाला कळणार नाही.

ॲपवाले हे तपासतात. त्यासाठी गूगलचं आधी सेफ्टीनेट होतं, आता प्ले इंटिग्रिटी आहे. मे २०२५पासून अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनांवर ही तपासणी हार्डवेअरच्या पुराव्यावर चालते. लोक मॉड्यूल टाकून तिला चुकवतात, आणि एका सकाळी चुकवणं बंद पडतं. तेव्हा काउंटरवर ग्राहक उभा असतो आणि दुकानदार फोन रीस्टार्ट करत बसतो. माझ्या वडिलांचं दुकान आहे, रोजचा निम्मा गल्ला फोनवर येतो. त्यांच्या फोनला मी कुणाला हात लावू देणार नाही.

नवी पेठ दुरुस्ती

ताई, तुमचं बरोबर हाय, पण अर्धंच. माझ्याकडं रोज फोन येतात. पाच वर्षं जुना, अँड्रॉइड १०, शेवटचा पॅच कवाचा ते बघून डोकं फिरतंय. बूटलोडर बंद, म्हणून तपासणीत पास. यूपीआय झकास चालतंय त्यावर. म्हणजे ॲप सील बघतंय, आत माल खराब झालाय ते बघत नाय. ह्याला सुरक्षित म्हणायचं का?

गिऱ्हाईक म्हणतंय नवा घ्यायला पैसे नाईत. यंत्रमागावर काम करणारा माणूस दर तीन वर्षांनी पंधरा हजार कुठनं काढणार? त्याला लिनेज टाकून दिलं तर फोन अजून दोन वर्षं चालतोय.

पण काम करायची पद्धत हाय. मी पोरांना सांगतो, फ्लॅश करायच्या (नवा रॉम टाकायच्या) आधी ईएफएस आन् पर्सिस्ट ह्या दोन्ही कप्प्यांची कॉपी काढून कॉम्प्युटरवर ठेव बे. ते उडालं की आयएमईआय गायब, सेन्सर वेडे. मग पोरं कुठलं तरी टूल घेऊन आयएमईआय लिहायला बसतात, तो गुन्हा हाय. दुसरं, जिओचं सिम असेल तर आधी विचार की ह्या रॉमवर व्होल्टी (फोरजीवरनं कॉल) चालतंय का. जिओला टूजी-थ्रीजी नाय, व्होल्टी गेलं की नेट चालतंय आन् फोन लागत नाय. लोक म्हणतात सिम खराब झालं.

तिसरं, जुना फर्मवेअर (कंपनीचं चिपसाठीचं सॉफ्टवेअर) मागं टाकायचा नाय. २०१८ला रेडमी नोट ५ प्रोला अँटी-रोलबॅक (मागच्या व्हर्जनला बंदी) आलं तवा लई फोन डबा झाले. साधी चूक, मागचं व्हर्जन टाकलं, संपला विषय.

सात रस्ता

अण्णा, जुन्या पॅचबद्दल तुम्ही म्हणता ते मी नाकारत नाही. पण कस्टम रॉमने तो प्रश्न पुरता सुटतो असं लोकांना सांगू नका. रॉम वरच्या अँड्रॉइडचे पॅच आणतो. मॉडेमचा फर्मवेअर, ट्रस्टझोन (चिपमधला सुरक्षित कप्पा), क्वालकॉमचे बंद ड्रायव्हर, हे कंपनीने शेवटचे दिले तिथेच राहतात. लिनेज स्वतः सेटिंगमध्ये विक्रेत्याच्या पॅचची तारीख वेगळी दाखवतं, ती उघडून बघा. वर चालू महिना आणि खाली वर्षानुवर्षं जुनी तारीख. गिऱ्हाइकाला दोन्ही तारखा दाखवा, मग त्याला ठरवू द्या.

भुईकोट

ताईंचा हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. खालचा फर्मवेअर जुना राहतो. म्हणूनच मी वरचा थर तरी भरवशाच्या हातात असावा म्हणतोय. पण यूपीआय असलेल्या फोनचा बूटलोडर कधीच उघडू नये, हे मला पटत नाही. चुलतभावाच्या फोनवर अभ्यासाची ॲप, गाणी, व्हिडिओ आणि प्रोग्रॅमिंगचा सराव. यूपीआय घरातल्या दुसऱ्या फोनवर, त्याचा बूटलोडर बंद. वडिलांच्या दुकानाला जे लागू ते कॉलेजच्या पोराला लागू करू नका.

पूर्व भाग

सर, माझा फोन मीडियाटेक चिपचा आहे, कर्नल सोर्स अर्धवट दिसतोय. जीएसआय (अनेक फोनांना चालणारा सामाईक रॉम) टाकू का? ट्रेबल असल्याने चालेल असं सांगितलं.

कंबर तलाव

चालू शकेल. ट्रेबल अँड्रॉइड ८पासून आलं, त्यात कंपनीचा भाग वेगळा राहतो, म्हणून एकच जीएसआय बऱ्याच फोनांवर उठतो. पण उठणं वेगळं आणि नीट चालणं वेगळं. ब्लूटूथवर आवाज, व्होल्टी, कॅमेरा, यातलं काहीतरी हमखास अडतं. एकच फोन असेल तर नको. सोर्स अर्धवट असेल तर कर्नलचा विचारही नको.

नव्या फोनांसाठी एक सांगतो. अँड्रॉइड १२ आणि ५.१० कर्नल घेऊन जे फोन आले, त्यात गाभ्याचा कर्नल गूगलचा सामाईक आणि कंपनीचे ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून वेगळे. तिथे कर्नल बदलणं बरंच सोपं झालंय. भुईकोट भाऊंचा 'हात लावू नका' हा नियम त्या फोनांना जसाच्या तसा लावता येणार नाही.

नवी पेठ दुरुस्ती

सोपं झालंय म्हणून दुकानात काम कमी नाय झालं. सोपं झालं की जास्त पोरं करतात. कर्नल चुकला तर फोन लोगोवर फिरत बसतोय. पोरं घाबरून सगळं फॉरमॅट मारतात, फोटोसकट. खरं तर फास्टबूटवरनं (कॉम्प्युटरला जोडून फ्लॅश करायचा मोड) जुनी बूट इमेज (कर्नल असलेली फाइल) टाकली की दोन मिनिटांत उठतोय. ती इमेज आधी जपून ठेवलेली पायजे, एवढंच.

भुईकोट

नव्या फोनांचं मान्य, माझं बोलणं पोको आणि त्याच्या काळातल्या फोनांबद्दल होतं. तिथे मी ठाम आहे. वेगळ्या कर्नलचा फायदा काय ते कुणी मोजून दाखवत नाही. 'बॅटरी मस्त, एकदम स्मूथ' असं लिहितात. कालच टाकला आणि आज मस्त.

कंबर तलाव

मग मोजू. पोको तुमच्याकडे आहे, लिनेज त्यावर येणारच आहे. आधी त्याच्याच कर्नलवर आणि नंतर मी देतो त्या कर्नलवर, दुपारी दोनला, तोच रस्ता, सात रस्त्यापासून जुळे सोलापूर आणि परत, मॅप चालू. थर्मल झोनचे (फोनच्या आतल्या तापमानाचे) आकडे दर मिनिटाला फाइलमध्ये उतरवायचे. कर्नलचा सोर्स मी आज रात्री देतो, तुम्ही आधी वाचा.

भुईकोट

चालेल. दोन अटी. ब्राइटनेस ऑटोवर न ठेवता दोन्ही वेळी सारखा, आणि फोन चार्जरला लावायचा नाही, बॅटरी दोन्ही वेळी ऐंशी टक्क्यांवरून सुरू. एका दिवसाच्या आकड्यावर मी काही मानणार नाही, ऊन रोज सारखं नसतं. दोन्ही कर्नल आलटूनपालटून आठवडाभर चालवू. सोर्स पाठवताना मूळ कोणत्या कमिटवरून (कोडमधल्या बदलाच्या नोंदीवरून) सुरुवात केली तेही लिहा, म्हणजे फरक काढता येईल. थर्मलच्या फाइलींत तुम्ही काही बदललं असेल तर ते मी सगळ्यात आधी बघणार.