अभ्यासात सिद्ध झालेली गोष्ट तुमच्या वस्तीत आली तेव्हा काय झालं? अनुभव लिहा

मी कुर्ल्याला राहते. बारा वर्षं वेगवेगळ्या आरोग्य सर्व्हेंसाठी घरोघरी फिरून फॉर्म भरायचं काम केलं. एकदा साकीनाक्याच्या साईडला एका मावशीने मला दारातच अडवलं, म्हणाली, पोरी गेल्या साली पण तूच आलेलीस, नातवाच्या दंडाला ती रंगीत पट्टी लावून गेलीस, वजन लिहून नेलंस, त्याचं पुढे काय झालं ते तरी सांग. मला काहीच सांगता आलं नाही कारण मलाच माहिती नव्हतं. फॉर्म ऑफिसला जमा व्हायचे, तिथून पुढे कुठे जायचे, काय छापून यायचं, आम्हाला कधी कोणी सांगितलं नाही आणि आम्ही पण कधी विचारलं नाही. त्या दिवशी घरी येऊन जेवण गेलं नाही मला.

पुढच्या सर्व्हेला मी सरांच्या मागे लागून त्या गल्लीचे आकडे मागून घेतले, नावं न लिहिता फक्त किती पोरं हिरव्या पट्टीत, किती पिवळ्या आणि किती लाल म्हणजे दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली, फार कुपोषित, असा चार्ट केला आणि संध्याकाळी नळावर बायका जमतात तेव्हा वाचून दाखवला. पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मग एक जण म्हणाली, तुम्ही विचारता दिवसातून किती वेळा भरवता, आम्ही सांगतो चार वेळा, पण आम्ही तर सकाळी सातला कामाला जातो, पोराला सांभाळते त्याची नऊ वर्षांची बहीण, ती पाच रुपयांचा पुडा फोडून देते आणि शाळेला पळते. आमच्या फॉर्ममध्ये कोण भरवतं हा प्रश्नच नव्हता. त्यानंतर आहाराच्या वर्गाला आम्ही आयांबरोबर मोठ्या बहिणींना, आज्यांना पण बोलवायला लागलो आणि वेळ दुपारची बदलून रात्री साडेआठची केली.

म्हणून हा धागा. संशोधनातून आलेली कुठली गोष्ट तुमच्याकडे रुजली, कुठली नाही, आणि कशामुळे. सेविका, आशा, नर्स, डॉक्टर, पेशंट, कोणीही लिहा. फक्त पेशंटचं नाव, घर नंबर लिहू नका.

मानखुर्द, तपासणी कॅम्पचं काम

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल लिहिते. व्हीआयए म्हणतात त्या तपासणीला. पिशवीच्या तोंडाला पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावायचं, म्हणजे आपल्या व्हिनेगरसारखंच, एक मिनिट थांबायचं आणि पांढरा डाग उठतो का बघायचं. ही गोष्ट आपल्या मुंबईच्याच वस्त्यांमध्ये सिद्ध झालीये हे किती जणांना माहितीये? टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्रींच्या टीमने १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांना घेऊन हा अभ्यास केला. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवड्यांचं ट्रेनिंग देऊन तयार केलेलं. दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या आणि तपासणी झालेल्या वस्त्यांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, हे २०१३ ला जाहीर झालं. पुढे २०१६ ला केंद्राच्या तपासणी कार्यक्रमात ३० ते ६५ वयासाठी तोंड आणि स्तनाच्या कॅन्सरबरोबर हे पण आलं.

आता आमचा कॅम्प. समाजमंदिरात दोरी बांधून दोन साड्यांचा पडदा केला, टेबल, टॉर्च, सगळं जय्यत. सकाळी दहापासून बसलो तर दुपारपर्यंत तीन बायका. एक जण तर इस्त्रीची साडी नेसून तीनदा दारापर्यंत आली आणि तीनदा मागे फिरली. मी मागून गेले तर म्हणाली, ताई बाहेर पोरं कॅरम खेळतायत, माझ्या मुलाचे दोस्त आहेत, मी आत कशाला चालले ते कळेल ना त्यांना. मंडळाच्या अध्यक्षांशी बोलून कॅरम बोर्ड दुसऱ्या गल्लीत नेला, वेळ दोन ते चार केली कारण भांडी आटपलेली असतात आणि पाणी यायचं असतं, आणि बोर्डावरून कॅन्सर शब्द काढून बायकांची तपासणी एवढंच लिहिलं. आत आल्यावर मात्र सगळं स्पष्ट सांगायचं, कशाची तपासणी आहे, काय निघू शकतं, सगळं. त्या आठवड्यात लाईन लागली.

पण खरी अडचण पुढे होती. पाच जणींना डाग दिसला, आम्ही चिठ्ठी दिली की हॉस्पिटलला जा. तीन आठवड्यांनी विचारलं तर एकही गेली नव्हती. एकीचा दिवस बुडतो, एकीचा नवरा म्हणाला काही दुखत नाही तर कशाला, एकीला परळला उतरून कुठे जायचं तेच कळेना. मग एका मंगळवारी पाचही जणींना घेऊन मी स्वतः निघाले, मानखुर्दहून कुर्ला, कुर्ल्याला गाडी बदलून परळ. एकीचं एकाच बैठकीत काम झालं, थंड गॅसने ती जागा गोठवतात तसं, संध्याकाळी पाणी भरायला ती घरी. आज आमच्या कॅम्पला पडद्याबाहेर तीच उभी असते आणि तिचं बोलणं बायका माझ्यापेक्षा जास्त ऐकतात. रिक्षा-ट्रेनचे पैसे आणि सोबत जाणाऱ्या बाईचा दिवस हे बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा असं माझं सगळ्यांना सांगणं आहे, ते नसेल तर मी आता कॅम्पच लावत नाही.

धारावी, पीएसएमची (सामाजिक आरोग्य विभागाची) रेसिडेंट

वरचं वाचून मला आमचा जर्नल क्लब आठवला, म्हणजे संशोधनाचे पेपर एकत्र वाचायचा आमचा तास. मॅडमनी दोन पेपर शेजारी शेजारी ठेवायला सांगितलेले. एक झारखंड-ओडिशाचा, २०१० ला आलेला. आदिवासी गावांमध्ये बायकांचे गट दर महिन्याला बसायचे, बाळंतपणातल्या आणि नवजात बाळाच्या अडचणी स्वतःच शोधायच्या, उपाय स्वतःच ठरवायच्या. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात तिथे नवजात मृत्यू ४५ टक्क्यांनी कमी झाले. दुसरा पेपर आपल्या मुंबईचा, ४८ वस्त्या, २००६ ते २००९, स्नेहा संस्थेबरोबर केलेला, साधारण तोच विचार, २०१२ ला छापून आला. गट चालले, बायका आल्या, पण एकूण वस्तीच्या पातळीवर ना काळजी घेण्याच्या सवयींत फरक दिसला, ना मृत्यू कमी झाले.

मला तेव्हा वाईट वाटलं होतं, एवढी मेहनत आणि निकाल शून्य. आता दोन वर्षं धारावीत काढल्यावर मला तो पेपर जास्त महत्त्वाचा वाटतो. गावात घरी बाळंतपणं होत होती, स्वच्छ हात, स्वच्छ ब्लेड, बाळाला गुंडाळणं यानेच जीव वाचत होते. इथे बहुतेक बाळंतपणं आधीच हॉस्पिटलमध्ये होतात. मग प्रश्न हॉस्पिटलात काय होतं, वेळेत पाठवतात का, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेताना किती तास जातात, हा होतो. आणि इथे गल्लीतली अर्धी घरं अकरा महिन्यांच्या भाड्यावर, या वर्षी गटात बसलेली बाई पुढच्या वर्षी नालासोपाऱ्याला. एका जागी चाललं म्हणून तसंच्या तसं उचलून आणलं की असं होऊ शकतं, आणि नाही चाललं हे कोणीतरी प्रामाणिकपणे छापलं म्हणून तर आपल्याला कळलं. न चाललेल्या प्रयोगांचे असे पेपर अजून यायला हवेत, आमच्यासारख्या शिकणाऱ्यांना त्यांची फार गरज आहे.

भांडुप, आशा

डॉक्टर मॅडम भाड्याचं बोलल्या ते अगदी खरं. माझं गृहभेटीचं ऐका. नवजात बाळाला घरी जाऊन बघायचं हे काम गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने उभं केलं, १९९९ ला त्यांचा अभ्यास आला, ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. त्यातूनच २०११ पासून आम्हा आशांना हे काम आलं. हॉस्पिटलात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जायचं. आता आमच्या टेकडीवरची पोरगी सातव्या महिन्यात माहेरी जाते, खेडला नाहीतर पाटणला, आणि बाळ घेऊन येते तिसऱ्या महिन्यात. माझ्या वहीत सहाही रकाने रिकामे. विचारणा होते की भेटी का नाहीत. बाळंतीणच इथे नाही तर भेट कोणाला देऊ?

मी आता काय करते, जायच्या आधीच गावच्या आशाचा नंबर शोधून ठेवते आणि पोरीला सांगते व्हिडिओ कॉल कर. एकदा बाराव्या दिवशी कॉल आला, बाळ दूध ओढत नाही म्हणाली. मी म्हटलं फोन बाळाच्या पोटावर धर, दुपटं काढ, आणि हलू नकोस. व्हिडिओ अडकत अडकत चाललेला, मी घड्याळ लावून श्वास मोजला, मिनिटाला ६० च्या वर, परत मोजला, परत तेच. छाती आत ओढली जात होती ते पण दिसलं. लगेच गावच्या आशाताईला फोन, ती पंधरा मिनिटांत पोचली, तिथून गाडी. बाळ आता चालतं, मला मावशी म्हणतं. पण ती भेट माझ्या वहीत पण नाही आणि तिच्या वहीत पण नाही.

गोवंडी, टीबीच्या पेशंटबरोबर काम

टीबी आणि जेवण. झारखंडचा राशन्स नावाचा अभ्यास २०२३ ला आला, पेशंटच्या घरच्यांना पण तांदूळ, तूरडाळ आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या तर घरात नवीन टीबी साधारण ४० टक्क्यांनी कमी झाला, आणि फुफ्फुसाचा तर जवळजवळ निम्मा. पेशंटचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं की मृत्यूचा धोका कमी होतो हे पण त्यातच दिसलं. आमच्या सगळ्या ग्रुपला हे वाचून एकदम हुरूप आला कारण आम्ही आधी फक्त पेशंटला पिशवी द्यायचो. तेव्हा एका घरात मी बघितलेलं, जरीकाम करणारा बावीस वर्षांचा मुलगा, त्याच्या नावाची शेंगदाण्याची चिक्की आणि दूध पावडर त्याची आई पाच भावंडांत सारखी वाटत होती आणि तो मान खाली घालून बसलेला. आईचं काय चुकलं? कुठली आई एकाला भरवेल आणि चौघांना बघत बसवेल? घरातल्या प्रत्येक माणसाचं रेशन दिलं तेव्हा त्याच्या ताटातलं त्याच्या पोटात गेलं. आम्ही कोपऱ्यातल्या किराणावाल्याकडे वजनकाटा ठेवलाय, रेशन घ्यायला आला की आधी काट्यावर उभं राहायचं आणि वहीत लिहायचं. त्याचं ३९ किलो होतं, दुसऱ्या महिन्याच्या शेवटी ४२ झालं. किराणावाल्याने स्वतःच्या पैशाने दोन अंडी दिली त्या दिवशी.

निक्षयचे पैसे, म्हणजे टीबीच्या पेशंटला जेवणासाठी सरकारकडून मिळतात ते, आधी महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १०००, ते खात्यात येतात. पण खातं गावच्या बँकेत, पासबुक चुलत्याकडे, आधार लिंक नाही, असं खूप घरी आहे. खातं उघडून देणं हे पण टीबीचंच काम समजून करा.

आणि घरमालक खोली खाली करा म्हणतो तेव्हा मी त्याला मद्रासचा जुना अभ्यास सांगते, १९५९ चा. सॅनेटोरियममध्ये ठेवलेले आणि घरी राहून औषध घेणारे, दोघांच्या घरच्यांना टीबी व्हायच्या प्रमाणात खास फरक नव्हता. औषध सुरू असलं की माणूस घरी राहू शकतो. दोन घरमालक ऐकलेत आतापर्यंत, एक नाही ऐकला.

परळ, पेशंट

मी गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी केली, वय ६८. बीपीची गोळी पूर्वी आठवड्याची मिळायची, ड्युटी सोडून दर आठवड्याला कोण जाणार, महिन्यातले दहा दिवस बिनगोळीचे जायचे. आता एकदम तीस दिवसांची देतात आणि संध्याकाळी पण दवाखाना चालू असतो. मुलीने सांगितलं की हे २०१७ ला सुरू झालेल्या बीपीच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून आलंय, औषधाची एकच ठरलेली पद्धत आणि महिन्याचा साठा हातात. मला एवढंच माहितीये की गेल्या वर्षभरात माझा एकही दिवस चुकला नाही.

सेविका ताईंना एक विनंती. पेशंट तीन जिने चढून धापा टाकत घरात आला की लगेच पट्टा बांधू नका. आमच्याकडे येणारी मुलगी स्टूल घेऊन येते, पाय जमिनीला टेकवून बसवते, पाच मिनिटं बोलू देत नाही, शर्टाची बाही वर करते आणि मगच मोजते. माझं १६२ आलेलं ते त्या दिवशी बसून १४४ आलं. वाढवायची गोळी वाढली नाही.

विक्रोळी

छोटंसं सांगते. जुलाबात ओआरएसबरोबर झिंकची गोळी १४ दिवस द्यायची असते. सहा महिन्यांच्या वरच्या बाळाला २० मिलीग्रॅम, त्याखाली १०. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि उरलेल्या अकरा गोळ्या फळीवर पडून राहतात, माझ्या स्वतःच्या घरी पण तेच झालेलं. आमच्या अंगणवाडीच्या बाईंनी मला कालनिर्णयवर पेनाने १४ चौकोन काढून दिले आणि म्हणाल्या, गोळी चमच्यात दुधात विरघळव, दिली की काट मार, मी चौदाव्या दिवशी येऊन बघणार. आणि खरंच आल्या. शेवटची काट माझ्या मोठ्या मुलाने मारली.

कुर्ला (धागा काढणारी)

भांडुपच्या ताई, ती भेट दोन्ही वह्यांत नाही हे वाचून राहवलं नाही. माझ्या जुन्या सरांना आत्ताच फोन केला, ते सध्या फॉर्म नव्याने बनवतायत. बाळंतीण बाहेरगावी, तिथल्या आशाला कळवलं का, कोणी बघितलं, असे रकाने टाकायला सांगितलेत. त्यांना तुमच्याशी बोलायचंय. परवा संध्याकाळी सातनंतर तुम्हाला जमेल का?