मदत हवी आहे: मागाच्या व्हिडिओत सगळे धोटाच बघतात, कार्डांकडे नजर कशी न्यावी?

ताणाबाणा:
नमस्कार मंडळी. सोलापुरात पूर्व भागात मामांचा चादरींचा कारखाना आहे. नवीन कामाला लागणाऱ्या मुलांसाठी कापड विणायच्या मागावर नक्षी काढणारा जॅकार्ड कसा चालतो हे दाखवणारा छोटा व्हिडिओ करतेय. शूटिंग आणि एडिटिंग दोन्ही मोबाईलवर.

जॅकार्डचं खरं काम मागाच्या वर चालतं. भोकं पाडलेली कार्डं एकामागून एक येतात, जिथे भोक असेल तिथली सुई आत जाते, तिचा हुक उचलला जातो आणि त्याला बांधलेले ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वर येतात. चादरीवरचा मोर त्या भोकांमधून उतरतो. मुलांना हे कळलं तर नक्षी बिघडल्यावर कुठे बघायचं तेही कळेल, म्हणून माझा एवढा जीव अडकलाय त्यात. पण खाली आडवा धागा नेणारा धोटा खाडखाड पळत असतो. व्हिडिओ दाखवून काय बघितलंत विचारलं, की सगळे धोट्याचंच सांगतात. कार्डं फ्रेममध्ये आहेत, उजेड चांगला आहे, तरी कुणाच्या लक्षात येत नाहीत.

लाल बाण टाकून पाहिला. लोक बाण बघतात, बाण गेला की परत धोटा. शिवाय खाली मराठी आणि तेलुगू अशा दोन ओळी आहेत, कारण इथे बरेच जण घरी तेलुगू बोलतात. माग बंद करून शूट केलं तर वरचं कार्ड आणि खालचा धागा यांचा संबंधच दिसत नाही. काय करावं?

उजेडवाला:
ताई, धोटा फ्रेममध्ये आहे तोवर तोच जिंकणार. डोळ्याला एका वेळी अगदी थोडंसंच स्पष्ट दिसतं, हात लांब करून अंगठ्याचं नख धरलं तर साधारण तेवढं. बाकी सगळं अंधुक, आणि त्या अंधुक भागात काही झपकन हललं की नजर आपोआप तिकडे वळते. बाणाने हे थांबत नाही.

कॅमेरा मागाच्या मागच्या बाजूला लावून बघा. तिथून जॅकार्डच्या दोऱ्या आणि ताणा समोर येतो, धोटा फणीच्या, म्हणजे आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या चौकटीच्या, पलीकडे जातो. आवाज मात्र ठेवा, माग चालू आहे हे कानाला कळू दे. एका कार्डापासून सुरू करून दोऱ्यांवरून हळूहळू खाली ताण्यापर्यंत कॅमेरा आणा. कॅमेराच नजरेला खाली घेऊन येईल आणि तुम्हाला हवा तो संबंधही तुटणार नाही.

शॉट बदलताना एवढं सांभाळा: पहिल्या शॉटच्या शेवटी नजर जिथे असेल, दुसऱ्या शॉटमधली महत्त्वाची गोष्ट पडद्यावर त्याच जागी येऊ द्या. नाहीतर ती शोधण्यातच वेळ जातो, आणि हुक तर तेवढ्यात उचलून खालीही आलेला असतो.

रेवती_के:
आधी प्रश्न विचारा असं मी सुचवेन. आल्फ्रेड यार्बुस या रशियन शास्त्रज्ञाने एकच चित्र दाखवून वेगवेगळे प्रश्न विचारले होते, आणि प्रश्न बदलला की नजरेची वाटही बदलली. त्यांचं हे काम १९६७ साली इंग्रजीत आलं. तुमच्या व्हिडिओत सुरुवातीलाच विचारा, "या कार्डातलं हे एक भोक बुजलं, तर कोणता धागा खालीच राहील?" मुलं कार्डं स्वतःहून शोधतील. मला तर हे बाणापेक्षा कितीतरी भारी वाटतं.

आणि दोन भाषांच्या ओळी एकत्र नकोत. अक्षरं दिसली की माणूस वाचतोच. मराठीचा वेगळा आणि तेलुगूचा वेगळा व्हिडिओ करा, बोलणंही त्या त्या भाषेत.

ताणाबाणा:
मागच्या बाजूने शूट करायचं सुचलंच नव्हतं, उद्याच बघते. प्रश्नही घेते. दोन व्हिडिओ करायला हरकत नाही, पण मुलं हे कारखान्यातच बघणार. मागांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळे अक्षरं लागणारच.

रेवती_के:
मग अक्षरं आणि हालचाल एकाच वेळी आणू नका. आधी कार्डाचं स्थिर चित्र, त्यावर सुईच्या अगदी शेजारी एकच ओळ. मोठ्याने दोनदा वाचून होईल इतका वेळ ती राहू द्या. मग ओळ घालवा आणि त्याच फ्रेममध्ये माग चालू करा. नजर आधीच सुईवर असेल.

उजेडवाला:
+१. आणि ती पहिली हालचाल अर्ध्या वेगाने दाखवा, धागा उचलताना दिसला की मग खरा वेग.