मेकफाइल: दोन मशिनी, पाथमध्ये स्पेस आणि न चालणारा एलियस

आडतवाला_उदगीर:
राम राम मंडळी. मोंढ्यात आमची आडत आहे. शेतकऱ्याची पट्टी छापायचा छोटा प्रोग्राम सी मध्ये लिहिलाय, उबुंटूवर मेकनं (कोडपासून प्रोग्राम बांधणारं टूल, त्याच्या सूचना मेकफाइलीत असतात) बिल्ड करायलोय. घरी चालतंय, दुकानात नाही. दुकानातल्या फोल्डरचं नाव 'सोयाबीन पट्टी', मधे स्पेस. नाव बदलू म्हटलं तर मुनीमजी ऐकत नाहीत, त्यांचा बॅकअप त्याच नावावर पडतो. दुसरं, डॉट बॅशआरसीत (टर्मिनलच्या सेटिंगची फाइल) केलेला 'छापा' हा एलियस, म्हणजे कमांडचं छोटं नाव, टर्मिनलवर चालतो, मेकफाइलीतून बोलावला की 'नॉट फाउंड'. आणि आत्ताच कोड बदलला तरी 'मेक बिल्ड' म्हटलं की 'अप टू डेट'. कामून?

नांदेडचा_सर्व्हरवाला:
शेवटचं आधी घेतो. तुमच्याकडं 'बिल्ड' नावाचं फोल्डर आहे ना? मेकच्या हिशोबात टार्गेट (काय बनवायचं त्याचं नाव) म्हणजे फाइल. त्या नावाचं काहीतरी सापडलं, त्याच्यापेक्षा नवं काही दिसलं नाही, काम संपलं. मेकफाइलीत डॉट फोनीच्या ओळीत (फाइल नसलेल्या टार्गेटांची यादी) बिल्ड, टेस्ट, क्लीन ही नावं लिहा. मग मेक त्या नावांच्या फाइली शोधणार नाही.

एलियसचं असं की मेक रेसिपीची (टार्गेटखाली लिहिलेल्या कमांडा) प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये, म्हणजे कमांडा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवतं, तेही बिन-एसएचनं. उबुंटूत २००६ पासून तिथं डॅश नावाचं शेल बसलंय. तुमची बॅशआरसी तिथं कुणी वाचतच नाही. शेल बदलून बॅश केलं तरी एलियस उघडत नाहीत, कारण ते इंटरॅक्टिव्ह नसतं, म्हणजे समोर बसून कुणी टाइप करत नसतं. तेव्हा 'छापा' हे मेकफाइलीतलंच टार्गेट करा आणि खरी कमांड त्याच्याखाली लिहा. एका ओळीत सीडी करून (फोल्डर बदलून) पुढच्या ओळीत तिथंच असू असं समजू नका, दोन्ही ओळी डबल अँपरसँडनं जोडा.

आता स्पेस. मेक नावांची यादी स्पेसवर तोडतं, 'सोयाबीन' एक फाइल आणि 'पट्टी' दुसरी. स्पेसच्या आधी बॅकस्लॅश काही ठिकाणी चालतो, वाइल्डकार्डसारख्या (फाइली शोधणाऱ्या) फंक्शनात गेला की पुन्हा घोळ. मी त्या नादी लागत नाही. एलएन मायनस एसनं स्पेस नसलेल्या नावाची लिंक करा, मेकला तीच दाखवा. मुनीमजी खूष, तुम्हीही.

दोन मशिनींसाठी प्रत्येकीवर लोकल डॉट एमके नावाची फाइल ठेवा, तिच्यात तिथला पाथ. मेकफाइलीच्या अगदी वर ती इन्क्लूड करा, इन्क्लूडच्या आधी आडवी रेघ (-) लावून. फाइल नसली तरी एरर येत नाही. त्याच्याखाली प्रश्नचिन्ह-इक्वलनं डीफॉल्ट पाथ द्या, तो आधी काही ठरलं नसेल तरच लागतो. लोकल फाइल गिटइग्नोरमध्ये (गिटनं सोडायच्या फाइलींची यादी) टाकायची.

परभणीची_कोडवाली:
इतकी कसरत कशाला? 'जस्ट' हे कमांडा चालवायचं टूल वापरा, त्यात रेसिपीला एलियस सरळ देता येतो.

नांदेडचा_सर्व्हरवाला:
ताई, जस्ट चांगलंय, पण ते नुसत्या कमांडा चालवतं. कोणती फाइल बदलली ते पाहून तेवढंच कंपाइल करणं त्याचं काम नाही. आणि साध्या रेसिपीत ओळीगणिक नवा शेल तिथंही आहेच.

आडतवाला_उदगीर:
दादा, लिंक चालली, छापा पण चालला. आता दुकानात 'मिसिंग सेपरेटर' म्हणायलंय.

नांदेडचा_सर्व्हरवाला:
तिथल्या एडिटरनं टॅबच्या जागी स्पेस घातल्या असणार. १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये मेक लिहिलं, रेसिपीची ओळ टॅबनंच सुरू करायचा हा जाच तेव्हापासूनचा आहे. मेकफाइलीपुरतं टॅब तसेच ठेवायचं सेटिंग करा, रेसिपीच्या ओळी पुन्हा टॅबनं सुरू करा.