‘शेतात जाऊन खरे तारे बघा’ म्हणणाऱ्या भाऊंसाठी

आखाड्यावरचा:
काल ‘मूळ लातूरकर’ यांनी लिहिलं की अंतराळातले हे छोटे इंडी गेम (मोठ्या कंपनीशिवाय मूठभर पोरांनी बनवलेले) म्हणजे रिकाम्या वाड्यात रात्रभर चकरा मारणं. वर सल्ला: “मराठवाड्यातल्या पोरांनी स्क्रीन बंद करून शेतात जावं, खरे तारे फुकट आहेत.” तिथं उत्तर लिहायला घेतलं तर मावेना, म्हणून हा धागा.

आधी रिकाम्या वाड्याचं. आउटर वाइल्ड्स खेळलात का? ग्रह एवढाले की चहा प्यायच्या आत एखाद्याला पायी चक्कर होते. दर २२ मिनिटांनी सूर्य फुटतो आणि आपण परत शेकोटीपाशी जागे होतो. बंदूक नाही, पैसे नाहीत. पहिल्या दिवशी जे यान तेच शेवटपर्यंत. वाढतं ते फक्त डोक्यातलं. दोन जुळे ग्रह आहेत, एकावरची वाळू सोंडेसारखी दुसऱ्यावर पडत राहते. मी दुसऱ्याच्या गुहेत शिरलो, भिंतीवरची अक्षरं वाचत बसलो, वाळू घोट्याला आली, कमरेला आली, मग वरचा दगड आणि मी. चेंगरून मेलो. तेव्हा कळलं की हा ग्रह आधी उरकायचा, आणि पहिला शेवटी बघायचा, कारण वाळू सरली की त्याच्या पोटात पुरलेलं उघडं पडतं. उन्हाळ्यात विहीर खाली गेली की जुन्या पायऱ्या दिसतात ना, तसं. हे गेममध्ये कुणी सांगत नाही, बाण दाखवत नाही.

मधेच लाईट गेली तर फेरी पहिल्यापासून. आमच्याकडं कधी सूर्य आधी उडतो, कधी ट्रान्सफॉर्मरची डीपी.

आता खरे तारे. माझा हरभरा ओलिताखाली आहे. या आठवड्यात थ्री फेज रात्री साडेबाराला यायली. मोटर टाकायची, तुषारचे पाइप बदलायचे, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी. डोळे पायाखाली. मागच्या साली स्टार्टरच्या पेटीखाली घोणस वेटोळं घालून बसलेली. बॅटरी मारली तर कुकरची शिट्टी व्हावी तसा आवाज केला तिनं. त्या वेळी डोक्यावर तिकांडं, ते मृगातले तीन तारे, होतं का नव्हतं, मला विचारू नका. रात्री शेतात मान वर करणारा एक तर पाहुणा असतो, नाहीतर पिऊन आलेला. गेममध्ये मला निवांत वर बघता येतं. एवढंच.

मूळ लातूरकर:
एका चांगल्या गेमवरून सगळ्या प्रकाराची वकिली नको. मी बोललो ते नो मॅन्स स्कायसारख्यांबद्दल. १८ वर १८ शून्यं, एवढे ग्रह! सेकंदाला एक पाहिला तरी ५८ हजार कोटी वर्षं लागतील. मला चौथ्या ग्रहालाच कंटाळा आला. गवत निळं, जनावराला सहा पाय, बाकी तेच.

आणि माझंही ऐका. हा गेम आला ऑगस्ट २०१६ मध्ये. त्याच वर्षी उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. सुट्टीत घरी गेलो तर न्हाणीत अजून निळे ड्रम ओळीनं भरून ठेवलेले, आई भांडी विसळलेलं पाणी तुळशीला घालत होती. आणि मी पलंगावर लोळत समुद्र असलेला ग्रह शोधतोय. लाज वाटली. लॅपटॉप मिटला. तेव्हापासून हा पलायनवाद मला सहन होत नाही.

जालना रोड:
थांबा थांबा. नो मॅन्स स्काय इंडी कधीपासून? सोनीनं स्वतःच्या स्टेजवर मिरवलेला गेम. गिल्डफर्डच्या हॅलो गेम्सची टीम लहान होती हे मान्य, पण प्रचार मोठ्या घरचा. रिलीजला एकमेकांना भेटता येत नव्हतं म्हणून लोक पैसे परत मागत होते. नीट मल्टिप्लेअर २०१८ च्या अपडेटला मिळालं. फुकट दिलं, तेवढं पुण्य त्यांच्या खात्यात.

खरं इंडी बघायचं तर १९८४ चा एलिट. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल, केंब्रिजची दोन पोरं. बीबीसी मायक्रो या संगणकाची मेमरी ३२ केबी. त्यात ८ दीर्घिका, प्रत्येकीत २५६ ग्रह. साठवून ठेवलेले नव्हतेच ते, एका बीज-आकड्यातून गणित दर वेळी तेच ग्रह काढायचं. १८ वर १८ शून्यं ही त्याच बियाण्याची पेरणी.

मूळ लातूरकर:
इंडीची व्याख्या हा विषय नाही.

जालना रोड:
मग काय विषय आहे? तुमचे ड्रम?

भौतिक मास्तर:
भांडू नका. मी गेमविरोधी माणूस. माझं मत बदललं असं कुणी समजू नये, पण घडलं ते सांगतो.

कक्षेत तुमच्या पुढं एक यान आहे, त्याला गाठायचं. काय कराल? सगळी पोरं म्हणतात, वेग वाढवू. वाढवला की कक्षा मोठी होते, फेरीला वेळ जास्त लागतो, तुम्ही आणखी मागं पडता. गाठायचं तर ब्रेक मारून खालच्या लहान फेरीत उतरायचं, तिथून पुढं सरकायचं, मग वर यायचं. हे मी १९ वर्षं फळ्यावर शिकवलं. मला स्वतःला पटलं ते भाच्याच्या लॅपटॉपवर, कर्बल स्पेस प्रोग्राममध्ये, सहा याने फुकट घालवल्यावर. मेक्सिकोतल्या एका जाहिरात कंपनीच्या पोरानं बनवलेला गेम आहे हा, २०१५ ला पूर्ण झाला.

चंद्रयान-३ उतरलं त्या दिवशी बहिणीनं विचारलं, अपोलोवाले चार दिवसांत पोचले, आपल्याला ४० का लागले? भाचा म्हणाला, “मामी पाळण्याला झोका देते कधी? पाळणा खाली आल्यावर. रॉकेट लहान असलं की यान पृथ्वीजवळ आलं की एक धक्का द्यायचा, दर वेळी आणखी लांब जातं.” मी मधे बोलणार होतो, पण दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

आमच्या शाळेत मात्र दहा संगणक प्लास्टिकच्या कव्हरात आहेत. साहेब आले की कव्हर निघतं.

जालना रोड:
सर, तो गेम २०१७ ला टेक-टू या बड्या गेम कंपनीनं विकत घेतला. म्हणजे इंडी उरला का?

भौतिक मास्तर:
बाळा, शेत विकलं म्हणून आधीचं पीक दुसऱ्याचं होतं का?

बीडची ताई:
इतका वेळ वाचतेय. खरे तारे फुकट आहेत म्हणे. कुणाला? आमच्या घरी अंधार पडल्यावर मी गच्चीवर गेले तर पाचव्या मिनिटाला खालून हाक, “कोणाशी बोलायलीस?” शेत तर लांबच. पुढं वसतिगृहात संध्याकाळी साडेसातला दाराला कुलूप. खिडकीतून दिसायची ती पाण्याची टाकी.

तेव्हा भावाचा टाकून दिलेला लॅपटॉप होता, त्यावर फक्त एफटीएल हा यान सांभाळायचा गेम चालायचा. दोघांनी केलेला, २०१२ चा. लोकांकडं मागितले १० हजार डॉलर, जमले २ लाखांच्या वर. यानात आग लागली की बाहेरची दारं उघडून हवा सोडून द्यायची, आग विझते. पण आपली माणसं आधी त्या खोलीतून काढावी लागतात. मी एकदा विसरले. माझ्याच मैत्रिणींची नावं दिली होती सगळ्यांना. रात्री दोनला खोलीत रडले, तर शेजारची म्हणाली, कोण वारलं?

पळून गेले म्हणा हवं तर. दाराला कुलूप बाहेरून होतं, एवढं लक्षात ठेवा.

मूळ लातूरकर:
म्हणजे आता मी शेतकऱ्यांच्याही विरोधात आणि बायकांच्याही. वा! मी एक साधी गोष्ट म्हणालो की आपलं आकाश अजून काळं आहे, पुण्यात मला धड दहा तारे दिसत नाहीत, तुमच्याकडं आहे तर बघा. यात एवढं झोंबण्यासारखं काय आहे? गुरुत्वलहरी टिपणाऱ्या लायगोसारखा प्रकल्प औंढ्याला होतोय, ४ किलोमीटरच्या दोन भुजा, २,६०० कोटी रुपये, आणि त्याच तालुक्यातली पोरं खोटे ग्रह फिरतात!

आखाड्यावरचा:
लायगोचं नाव काढलंस ते बरं केलंस. त्या जागेवरून आमचं शिवार फार लांब नाही. कृष्णविवरं आदळली की प्रोटॉनच्याही दहा हजाराव्या भागाएवढी हालचाल मोजणार म्हणे. मोजा. माझ्या डीपीचा फ्यूज उडालाय ते मोजायला दोन दिवस कुणी आलं नाही. तू पुण्यात एसीत बसून आमच्या अंधाराचं कौतुक करायलास. तुला दहा तारे दिसत नाहीत म्हणून आम्ही बघायचे का?

मूळ लातूरकर:
अरे-तुरेवर येऊ नका.

आखाड्यावरचा:
बरं. तुम्ही पुण्यात एसीत बसून.

भौतिक मास्तर:
लायगो तारे ‘बघत’ नाही, ऐकतो म्हणा फार तर. दोन्हींत फरक आहे. असो.

मूळ लातूरकर:
ठीक. रात्रीच्या लाईटचं मला माहीत नव्हतं असं नाही, विसरलो होतो. वडील जायचे, आम्ही झोपलेले असायचो. तेवढं मागे घेतो. निळ्या गवताचं घेत नाही. आउटर वाइल्ड्स सेलमध्ये लागला तर बघीन. आवडला तर सांगणार नाही.

बीडची ताई:
उपकार झाले.

आखाड्यावरचा:
घ्या, पण कुठं व्हिडिओ बघू नका, एकदा कळलं की गेम संपला. भिंतीवरचं वाचत बसू नका, आधी वाळूकडं बघा. लाईट आली, मोटर टाकायला जातो.

जालना रोड:
आउटर वाइल्ड्सचा प्रकाशक अन्नपूर्णा इंटरॲक्टिव्ह होता, हे कुणीच बोललं नाही. मग तो तरी इंडी कसा?