मदत हवी आहे: चार थर घालूनही होडीत हुडहुडी भरते

पहाटवारा:
बदकांच्या शिकारीसाठी भल्या पहाटे पाण्यावर जातो. अंगावर चार थर असतात, सर्वांत वरचा जलरोधक आहे, तरीही तासाभरात पाठ ओलीचिंब होऊन दातांवर दात वाजू लागतात. रविवारी पुन्हा निघायचे आहे. पाचवा थर कोणता घ्यावा, एवढेच कृपया सांगावे.

जुना नावाडी:
आपण होडीतच असता की पाण्यात उभे राहता? वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरण्यासाठीची बुटांसकटची जलरोधक विजार, कशाचे आहेत? आणि अगदी आत, अंगालगत, काय घालता?

लोकरप्रेमी:
त्यात विचारायचे काय? मरिनो लोकर घ्या. स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प शोषूनही ती अंगाला ओली लागत नाही.

काठावरचा:
आणि एकदा भिजली की वाळता वाळत नाही, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही. त्याला घामाचा वास लवकर लागतो, हे मान्य.

लोकरप्रेमी:
वासाचा विषय आपणच काढलात, म्हणून मी गप्प बसतो.

टोपीवाला:
शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते. आधी चांगली कानटोपी घ्या.

जुना नावाडी:
हा जुना गैरसमज आहे. डोक्याचा वाटा साधारण 10 टक्क्यांच्या आसपासच असतो. टोपी अवश्य घालावी, पण प्रश्न पाठीचा आहे.

पहाटवारा:
अर्धा तास वल्हवत जातो आणि मग लव्हाळ्यात न हलता बसून राहतो. वेडर्स 5 मिलिमीटर जाडीच्या निओप्रीनचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, छातीपर्यंतचे आहेत. आत नेहमीचे सुती बनियन असते. ते सांगण्यासारखे वाटले नाही.

जुना नावाडी:
तेच तर सांगायला हवे होते. ते पाणी बाहेरचे नसून आपल्याच घामाचे आहे: निओप्रीन तो बाहेर जाऊ देत नाही, सूत तो धरून ठेवते आणि वल्हवणे थांबताच ओले बनियन अंगातली ऊब ओढून घेते. पाचवा थर राहू द्या. बनियन बदला, वल्हवताना वरचे दोन थर जलरोधक पिशवीत ठेवून थोडे गारठतच निघा आणि पोहोचल्यावर, धाप निवल्यानंतर, पाठ पुसून ते चढवा. त्यांत पिसांचे जाकीट असल्यास ते घरीच ठेवा, कारण भिजल्यावर पिसे चिकटून त्यांची ऊब जाते. लाइफ जॅकेट मात्र वल्हवतानाही काढू नका.

पहाटवारा:
रविवारी जाऊन आलो. पॉलिएस्टर घातले होते, पाठ शेवटपर्यंत कोरडी राहिली. पायांची बोटे मात्र बधिर झाली.

जुना नावाडी:
मोज्यांचे किती जोड घातले होते?

पहाटवारा:
तीन. बूट जेमतेम चढले.