नसांच्या आनुवंशिक आजारासाठी खासदारांना निवेदन – मसुदा हवा, तातडीने

सांगलीकर_७९
रविवारी खासदार गावात येतायत. घरात तिघांना आजार: वडील, मी, आता मुलगी. औषध नाही, म्हणतात सगळे डॉक्टर. मग संशोधनाला सरकार पैसा देतं की नाही? निवेदन कुठल्या खात्याच्या नावाने लिहायचं, आरोग्य की विज्ञान? एक पानाचा मसुदा असेल तर टाका. 'धीर धरा' कृपया लिहू नका.

अनुस्वार
आजाराचं नाव?

भटक्या_जीव
नसांचं म्हणजे बी-१२ कमी. माझे पाय बधिर व्हायचे, सहा इंजेक्शनांत पळायला लागलो. आधी ते तपासा.

सांगलीकर_७९
अहो, शीर्षकात आनुवंशिक लिहिलंय. सीएमटी आहे, शार्को-मारी-टूथ. पंजा उचलत नाही, सपाट फरशीवरही ठेच लागते. वडिलांना आता शर्टाची बटणं लावता येत नाहीत.

माईआजी
टूथ म्हणजे दातांपासून सुरू होतं का रे? माझी दाढ दुखते तेव्हा मुंग्या येतात.

अनुस्वार
माई, टूथ हे इंग्लंडमधल्या डॉक्टरचं आडनाव. १८८६ साली त्यांनी तिकडे आणि शार्को-मारी यांनी पॅरिसमध्ये हा आजार मांडला. दाताचा काही संबंध नाही. आणि भटक्या, यात १ए प्रकारात सतराव्या गुणसूत्रावरच्या पीएमपी२२ जनुकाची एक प्रत जास्त असते. ती इंजेक्शनाने जात नाही.

भटक्या_जीव
१ए आहे हे त्यांनी सांगितलं कुठे? तुम्हीच ठरवलंत.

अनुस्वार
बरं. सांगलीकर, जनुक चाचणी झालीय का?

सांगलीकर_७९
नाही. माझी एनसीव्ही (नसांमधून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी) झालीय. मुलीचं काही केलं नाही, चालताना दिसतंच की.

कोकणमेवा
नात्यातलं लग्न आहे का? आपल्याकडे मामाची मुलगी करतात, त्याने होतं हे.

सांगलीकर_७९
नाही हो! निवेदनाचं बोला.

अनुस्वार
आजोबा, बाप, लेक असा सरळ उतरतोय. बहुतेक एकाच पालकाकडून येणारा प्रकार, प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. त्यात मामेबहिणीला कशाला ओढता?

प्राजक्ता_पुणे
मुद्द्यावर येते. 'संशोधनाला निधी द्या' एवढंच लिहिलंत तर कागद फिरत राहील. २०२१ चं दुर्मीळ आजार धोरण आरोग्य मंत्रालयाचं. त्यात ठरावीक केंद्रांत (मुंबईत केईएम) रुग्णामागे ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, पण ती उपचारांना. औषधच नाही तर कशाचे पैसे मागणार? संशोधन आयसीएमआरकडे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), तेही आरोग्य खात्याखालीच, आणि जैवतंत्रज्ञान विभागाकडे, जो विज्ञान मंत्रालयात येतो. त्याच विभागाने २०१९ मध्ये 'उम्मीद' सुरू केलं, सरकारी रुग्णालयांत आनुवंशिक आजारांच्या निदानासाठी. म्हणून पत्र दोन्हीकडे.

आता खरी गोम. धोरणातच म्हटलंय की आपल्याकडे आकडेवारी नाही, म्हणून दुर्मीळची व्याख्याही करता येत नाही. बाहेरच्या देशांत सीएमटीचं प्रमाण साधारण २५०० माणसांत एक मानतात. आपल्याकडे मोजलं कुणी? 'पायात जोर नाही' म्हणून माणूस घरी बसतो आणि हिशेबातच येत नाही. आधी नोंदणी मागा, मग पैसा.

खवचट
खासदार निवेदन घेतील, फोटो काढतील, गठ्ठ्यात टाकतील. त्यापेक्षा लोकसभेत अतारांकित प्रश्न विचारायला सांगा. मंत्र्यांना लेखी उत्तर द्यावं लागतं.

प्राजक्ता_पुणे
हे पटलं. प्रश्न लिहूनच द्या: सीएमटीच्या किती रुग्णांची सरकारकडे नोंद आहे, गेल्या पाच वर्षांत त्यावरच्या संशोधनाला किती रक्कम दिली, जिल्हा रुग्णालयात जनुक चाचणीची सोय कधी?

माईआजी
मुलगी केवढी आहे? अपंगत्वाचा दाखला काढलात का? ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सवलती मिळतात.

सांगलीकर_७९
अकरा. दाखला नाही. ते नंतर बघू.

माईआजी
नंतर नको. आणि बूट घोट्याला धरणारे घे, चपला नकोत.

भटक्या_जीव
बी-१२ चा रिपोर्ट तरी टाका.

सांगलीकर_७९
प्राजक्ताताई, तिन्ही प्रश्न जसेच्या तसे घेतले. झेरॉक्सवाल्याकडे टाइप करायला बसलोय. तो विचारतोय, शार्को की चारकोट?

अनुस्वार
शार्को.

कोकणमेवा
आमचे डॉक्टर चारकोटच म्हणतात.